जावयाचं वावर

फुटबॉल हा पायाने खेळायचा खेळ आहे, एवढं एकच ज्ञान माझ्याजवळ होतं. आणि त्या काळी सुलतानपुरात तेवढंही दुसऱ्या कुणाजवळ नव्हतं, म्हणून मी कोच झालो. एरवी मी शाळेत चित्रकला शिकवत असे. मोर काढा म्हटलं की पोरं कोंबडी काढत आणि मी तिला पिसारा जोडून देत असे. सुखाचे दिवस होते. पण महाराष्ट्र नवा होता, जिल्ह्यातली ऑफिसं नवी होती, आणि नव्या ऑफिसांना दर महिन्याला काही ना काही वाटल्याशिवाय अन्न गोड लागत नसे. अशाच एका ऑफिसाने (नाव घेत नाही, पेन्शन अडकायची) आमच्या शाळेला एक फुटबॉल वाटला. हेडमास्तरांनी विचारलं, "हा खेळ कुणी पाहिलाय का?" अकोल्याला माझी गाडी चुकली होती तेव्हा एका भिंतीवर बसून मी अर्धी मॅच पाहिली होती. तेवढं बोललो आणि फसलो.

बॉल आला, पण गोल नव्हते. मी अर्ज केला. उत्तर आलं की चालू वर्षी एकच गोल मंजूर आहे. त्याची उपयुक्तता सिद्ध झाल्यास दुसऱ्याचा विचार करण्यात येईल. एका गोलाने ती कशी सिद्ध करायची, हे विचारायला मी स्वतः एस.टी.ने गेलो. साहेबांनी चष्मा कपाळावर नेला आणि म्हणाले, "पोरं लहान आहेत ना? मग एक पुरे."

मैदान मात्र फुकट मिळालं. शाळेचे अध्यक्ष उत्तमराव पाटील हे गावातले मोठे जमीनदार. शाळेला लागून त्यांचं एक वावर पडीक होतं. "खेळा लेकोहो," म्हणाले, आणि आमचा तो एकुलता एक गोल तिथं बाभळीखाली उभा राहिला.

मग मला दहा दिवसांच्या शिबिराला पाठवलं. शिकवायला पलटणीतून निवृत्त झालेले एक हवालदार होते. मिशा एवढ्या दाट की शिट्टी वाजवली तर आवाज मिशांतून वाट काढत बऱ्याच वेळाने बाहेर येई. त्यांचं बाकी सगळं शिकवणं मी झोपेत ऐकलं. एकच वाक्य तेवढं जागेपणी कानावर पडलं. ते म्हणाले, "पोरांना जिंकायला शिकवू नका, खेळायला शिकवा. खेळ आला की जिंकणं मागून येतं. नाही आलं तर खेळ तर आला!" आता, ज्याला एकच वाक्य येतं तो ते फार निष्ठेने पाळतो. मी गावात परत आलो तो दीक्षा घेतल्यासारखा.

बॉल एक आणि पोरं वीस. तेव्हा बाकीच्यांना मी भोपळे दिले. शेजारच्या मळ्याचा मालक कडूबा माझा स्नेही होता, त्याच्या वेलावर लहान लहान भोपळे धरले होते. भोपळ्याला लाथ मारता येत नाही, त्याला पायाने समजावत न्यावं लागतं. त्यामुळे पोरांच्या पायाला नम्रता आली. नंतर आम्ही कडूबाच्या वांग्यांत शिरलो. नियम असा, की बॉल वांग्याच्या दोन ओळींमधून न्यायचा. पान हललं तर चालेल, वांगं हललं तर पुन्हा पहिल्यापासून. दिवाळीपर्यंत पोरं अशी तयार झाली की झाडावर बसलेलं फुलपाखरूसुद्धा उठत नसे. कारभारी नावाचा आमचा एक पोरगा होता. त्याच्या पायाला तर बॉल असा चिकटे, की एकदा तो तसाच घरी जेवायला गेला. पाटावर बसल्यावर त्याची आई सरस्वतीबाई म्हणाली, "अबे, तो बॉल तं बाहेर ठेव!" मी थापा मारत नाही. सरस्वतीबाई आज असत्या तर त्यांनीच सांगितलं असतं.

माझे आणखी दोन कायदे होते. एक, मॅचमध्ये सगळ्यांना सारखं खेळवायचं. कुणी पक्का नाही, कुणी कच्चा नाही. दुसरा, गोल मोजायचे नाहीत. मोजायला पंच आहे, त्याला त्याचा भत्ता मिळतो. जो पोरगा "सर, किती झाले?" विचारेल त्याने बाभळीला चक्कर मारून यायची. आणि मॅच संपली की ज्याने बॉल सुंदर अडवला, ज्याने दुसऱ्याला प्रेमाने दिला, त्याला गूळ-शेंगदाणे.

गावाला हे पटलं नाही. गावाला फुटबॉल येत नव्हता, पण जिंकणं म्हणजे काय ते सगळ्यांना येत होतं.

"मास्तर," कडूबा म्हणाला, "बैल किती देखणा चालते, हे पोयाच्या सणाले पाह्यतेत. शंकरपटाच्या शर्यतीले कोन पुढं गेला तेच पाह्यतेत. तुमी पोट्टे पोयाचे तयार करून राह्यले, अन् गाव वाट पाहून राह्यलं पटाची."

आमच्या शेजारच्या विमलबाईंनी सुचवलं की बॉलला मारुतीचा शेंदूर लावावा. मी म्हटलं, "बॉल दोन्ही बाजूंचा असतो, मारुतीनं कुणाकडून खेळावं?" यावर त्या आठ दिवस बोलल्या नाहीत, ही या खेळाची पहिली उपयुक्तता. मी ऑफिसाला कळवणार होतो.

हिवाळ्यात आम्ही पहिली मॅच खेळायला लोणारला गेलो. तिथल्या टीमने आमच्यावर सात गोल केले. आठवा झाला असता, पण तो बॉल उसळला तो थेट सरोवराच्या उतारावरून खाली गेला आणि दोन्ही टीमा तो शोधायला जंगलात उतरल्या. सापडला तेव्हा खारट पाण्याने इतका उजळ झाला होता की लोणारकर म्हणाले, हा आमचा नव्हे. अंधार पडला, मॅच संपली. पण पोरं खूश! कारभाऱ्याने डाव्या पायाने बॉल झेलला होता, गोलकीपरने एक गोल जवळजवळ अडवला होता. मी सढळ हाताने गूळ-शेंगदाणे वाटले. एस.टी. सुलतानपुरात शिरली तेव्हा पोरं टपावर चढून नाचत होती.

ते नाचणं गावाने पाहिलं आणि गावाचा गैरसमज झाला. बघता बघता डफडं आलं, गुलाल आला. कुणीतरी मला खांद्यावर घेतलं. माझी प्रकृती पाहता ते सोपं नव्हतं, तरी घेतलं. उत्तमराव पाटील स्वतः आले, त्यांनी बॉलवर नारळ ओवाळून फोडला आणि विचारलं,

"किती गोल झाले, मास्तर?"

"सात."

"सात! वा रे पठ्ठेहो! अन् त्याहीचे?"

"त्यांचेच सात, पाटील."

डफडं थांबलं. ज्याच्या खांद्यावर मी होतो त्याने मला खाली ठेवलं. ठेवलं हे सभ्यपणे लिहितो.

"मंग हे पोट्टे नाचून काऊन राह्यले?"

"चांगले खेळले म्हणून."

पाटलांनी फुटलेल्या नारळाकडे पाहिलं, मग कपाळावरचा गुलाल पुसला. गावासमोर म्हणाले, "आयका मास्तर. येत्या श्रावणात माह्या बाबाच्या नावानं मी ढाल ठेवतो. मॅचा आपल्याच वावरात. ढाल आपल्या पोट्ट्याहीनं जिकली, तं वावर कायमचं शायेचं. दुसऱ्या गावाले गेली, तं रब्बीले तिथं हरभरा पेरतो. पाटलाचा शब्द हाये!"

घरी आमच्या अन्नपूर्णाबाईंनी ताट वाढलं आणि म्हणाल्या, "अहो, सात गोल खाऊन वर जेवायला तरी कसे बसता?"

त्या रात्री मी पहिल्यांदा डगमगलो. आजूबाजूला दुसरी रिकामी जागा नव्हती. वावर गेलं तर फुटबॉल गेला, आणि पोरं पुन्हा कोंबड्या काढायला मोकळी. दुसऱ्या दिवशी ठरवून गेलो की आजपासून जिंकणं शिकवायचं. पोरं वांग्यांतून बॉल नेत होती, एकमेकांना "घे रे, घे रे" करत होती. मी शिट्टी तोंडात धरली. पण जिंकायला शिकवायचं म्हणजे नेमकं काय सांगायचं, हे मला शिबिरात कुणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल तेव्हा मी झोपलो होतो. म्हणून नाइलाजाने जे येत होतं तेच चालू ठेवलं. लोक याला माझी तत्त्वनिष्ठा म्हणतात, म्हणोत.

मधे वैशाखात पाटलांच्या कोकिळाचं लग्न झालं. जावई इंद्रभान म्हणजे धामणगाव बढ्याच्या शाळेतला ड्रिल मास्तर. उंच, ताठ, पांढरे कॅनव्हासचे बूट. पंगतीत बसतानासुद्धा "सावधान"मध्ये बसे. त्या वर्षी नेमका अधिक श्रावण आला. धोंड्याचा महिना, आणि लग्नानंतरचा पहिलाच! पाटलांच्या घरी चांदीचं ताट, तेहतीस अनारसे, पुरणाचे धोंडे, जोडप्याचे कपडे अशी जंगी तयारी. या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. त्याचं मन मोडणं म्हणजे पाप, आणि त्याने रुसून जाणं म्हणजे सात पिढ्यांचा बभ्रा. ढालीच्या मॅचाही त्याच दिवसांत. पाटलांनी मोठ्या हौसेने सगळ्या गावांना निमंत्रणं पाठवली. पण काळी माती आणि चिखल, एस.टी. बंद, कुणीच येईना. पहिलीच मॅच ती फायनल ठरली. एकच टीम बैलगाड्या बदलत, चिखल तुडवत पोचली: धामणगाव बढ्याची. कारण तिच्या मास्तराला सासरी धोंडे खायला यायचंच होतं.

सकाळी बातमी फुटली आणि गाव ओट्याओट्यावर जमून कुजबुजू लागलं. जावयाला धोंड्याच्या जेवणाला बोलवायचं आणि ताटावर बसवण्याआधी भर गावात हरवायचं?

नऊच्या सुमाराला विमलबाई आल्या. "मास्तर, मी म्हणते, हार-जीत काय घेऊन बसले? पोट्टे खेयले म्हंजे झालं!"

पाठोपाठ कडूबा. "मास्तर, तुमचं ते तत्त्व लय उच्च हाये बरं. मले आज पटलं. बैल देखणा चालला पाह्यजे. पुढं कोन गेला, ते काय कराचं?"

वर्षभर घसा फोडून जे गावाच्या गळी उतरलं नव्हतं ते एका जावयाने सकाळच्या चहाआधी उतरवलं. शेवटी स्वतः पाटील आले. माझ्या ओसरीवर बसले, एवढा मोठा माणूस.

"मास्तर, तुमी म्हनत होते जिकाचं शिकवत नाही. बरोब्बर हाये. आज तेच धोरन ठेवा."

"आणि वावर, पाटील?"

"शब्द तं देल्ला हाये ना गावासमोर. ढाल गेली तं हरभरा." मग हळूच म्हणाले, "मी तरी काय करू? घरात कोकिळाची माय सोजराबाई म्हनते, जवाई रुसला तं मी अन्न सोडते."

म्हणजे जिंकलो तर पाटलांचा जावई रुसणार आणि माझी नोकरी पाटलांच्या हातात. हरलो तर त्याच पाटलांचा हरभरा. अशा वेळी माणसाने काय करावं, हे आमच्या हवालदारांनी सांगितलं नव्हतं. मी मैदानावर गेलो. पोरांना गोल करून बसवलं. "पोरांनो, आज..." म्हणालो आणि थांबलो. ज्यांना जिंकणं शिकवलं नाही त्यांना हरणं कुठल्या तोंडाने शिकवणार? शेवटी म्हणालो, "आज पाहुणे आहेत. नीट खेळा. त्यांना मान द्या." एवढं सांगितलं, आणि तीच चूक झाली.

दुसरा गोल तोवर मंजूर झाला नव्हता, म्हणून कडूबाच्या मळ्यातले दोन खांब रोवून वर विमलबाईंची कपडे वाळत घालायची दोरी बांधली होती. धामणगावची टीम उतरली. त्यांच्यातल्या निम्म्यांना मिशा होत्या. आठवीत मुक्काम करून बसलेले असावेत. इंद्रभानने शिट्टी फुंकली, "जिंकायचंच! गाडा त्यांना!" गर्दीत सगळं सुलतानपूर आणि सगळं सुलतानपूर ओरडत होतं, "धामनगाव की जय!" बिचाऱ्या पाहुण्यांना कळेना, हा टोमणा आहे की प्रेम.

त्यांनी बॉलला अशी लाथ मारली की तो आभाळात गेला. खाली आला तो कारभाऱ्याच्या पायावर, भोपळा वेलावरून उतरावा तसा. कारभारी निघाला. ते मिशावाले त्याच्या अंगावर धावले आणि त्याच्या दृष्टीने ती वांग्याची झाडं झाली. एकाचंही पान न हलवता तो मधून गेला, शेवटी बॉल शेजारच्याला दिला, "घे रे," आणि विमलबाईंच्या दोरीखालून तो हलकेच आत गेला.

गावाने कपाळाला हात लावला. मग सरस्वतीबाई किंचाळल्या, "कारभाऱ्या! मुडद्या! जवाई हाये बे तो, सोड त्याले बॉल!"

पोरगा आज्ञाधारक. मानाने वागा, असं मीही सांगितलं होतं. त्याने जाळ्यातला बॉल, म्हणजे जाळं नव्हतंच, मागच्या कपाशीतला बॉल आणला, धोतराला पुसावा तसा सदऱ्याला पुसला आणि दोन्ही हातांनी, वाकून, धामणगावच्या कॅप्टनला दिला. त्यांनी लाथ मारली. तो पुन्हा आमच्या पायावर आला. दुसरा गोल. पुन्हा वाकून, दोन्ही हातांनी. आहेर चालावा तसं ते चाललं. इंद्रभान लाल होत गेला.

"मास्तर, काहाडा त्या कारभाऱ्याले!" पाटील माझ्या कानात ओरडले.

काढला. दुसरा घातला. त्यानेही गोल केला. त्याला काढून तिसरा, चौथा. पाटील म्हणाले, "एखादं कच्चं पोट्टं नाही का तुमच्यापाशी?"

तिथंच माझ्या शिक्षणाचा दोष उघडा पडला. नव्हतं. सगळ्यांना सारखं खेळवलं होतं. मग मी गोलकीपरला पाणी प्यायला पाठवून दिलं. तो पाणी पिऊन, घरी जाऊन, ज्वारीची भाकर खाऊन परत आला तरी बॉल तिकडे फिरकला नव्हता.

शिट्टी झाली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पोरं माझ्याभोवती जमली आणि कारभाऱ्याने भीत भीत विचारलं, कारण बाभळीला चक्कर मारावी लागते, "सर, आता तं सांगा. जिकलं कोन?"

मी उत्तर द्यायच्या आत कोलाहल उठला. जावई रुसला. नवं धोतर तसंच घडीचं ठेवून, न जेवता, तो तरातरा स्टँडवर जाऊन कडुनिंबाखाली बसला. चिखलामुळे एस.टी. नव्हती, ही पाटलांची पुण्याई. पाठोपाठ सोजराबाई डोळे पुसत चांदीचं ताट घेऊन, मागे कोकिळा, मागे सगळं गाव, आणि सगळ्यात मागे मी. माझ्याकडे लोक असे पाहत होते, जणू मी बॉलऐवजी गावाचं नाक पायाने उडवलं आहे. कडूबा म्हणाला, "खेयाले शिकवतो, खेयाले शिकवतो म्हने, अन् जिकून बसला! असा इस्वासघात कोनी करते काय?"

"जवाईबापू," पाटील हात जोडून म्हणाले, "अंगठी देतो."

इंद्रभान झाडाकडे पाहत राहिला.

"सायकल देतो. नवी कोरी."

झाडाला पाला होता, तो मोजू लागला.

शेवटी पाटलांनी वडिलांच्या नावाची ती ढालच पुढे केली. "हे घ्या. घेऊन जा धामनगावले." माझ्या काळजात हरभरा उगवला.

इंद्रभानने ढालीवरून नजर काढली आणि मला शोधलं. उठला. मला वाटलं, मारतो. अगदी जवळ येऊन तो हळू आवाजात म्हणाला, "मास्तर, ढाल मरू द्या. तो बॉल पायाले चिकटते कसा, ते सांगा. मी पाच वर्षं ड्रिल शिकवून राह्यलो, माह्याच पायाले चिकटत नाही."

मी म्हणालो, "वांग्यांतून न्यावा लागतो."

"दाखवा."

मग जे झालं ते सुलतानपुराने पूर्वी पाहिलं नव्हतं. जावई पांढऱ्या बुटांनिशी कडूबाच्या मळ्यात शिरला. पहिल्याच फेरीत त्याने वांग्याची अख्खी ओळ आडवी केली. कडूबा तोंडाशी उपरणं धरून उभा. धोंड्याचा महिना, जावयाला बोलणार कसा? "होऊ द्या, होऊ द्या जवाईबापू," म्हणत होता आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. दुसऱ्या ओळीत दोन झाडं वाचली. तिसऱ्या ओळीला जावई हसला. सोजराबाईंनी ते हसू पाहिलं आणि बांधावरच पाट मांडला. चिखलाच्या पायांनी, बॉल मांडीशी घेऊन इंद्रभानने पहिला धोंडा तोंडात घातला आणि सासऱ्याला म्हणाला, "मामा, मले काई नको. मी सासरी आलो की या वावरात खेयीन. इथं हरभरा दिसला नाही पाह्यजे."

पाटलांनी सुटकेचा असा श्वास सोडला की ताटातला दिवा विझला. "हरभऱ्याचं नाव काढलं तं जीभ झडो!"

अशा रीतीने मैदान वाचलं. आम्ही ढाल जिंकलो म्हणून नव्हे, की चांगले खेळलो म्हणून नव्हे. गावाच्या लेखी जावयाची हौस म्हणून वाचलं. आजही त्याला शाळेचं मैदान कुणी म्हणत नाही, जावयाचं वावर म्हणतात. ऑफिसाने मागाहून दुसरा गोल पाठवला, त्याच्यावरसुद्धा इंद्रभानचंच नाव रंगवलं. रंगवायला मलाच सांगितलं, चित्रकला मास्तर ना मी.

दुसऱ्या दिवशी जावई पोरांबरोबर पहिली मॅच खेळायला उतरणार होता. पाटलांनी मला बाजूला घेतलं. "मास्तर, जवाई शिकते तं मन लावून शिकवा. पण एक ध्यानात ठेवजा. जवाई हरला नाही पाह्यजे."

मी होकार दिला आणि मैदानात जाऊन जावयाला पहिला धडा दिला, की गोल मोजायचे नाहीत. इंद्रभान पुढं किती वर्षं धोंड्याला येत राहिला, आमच्या पोरांशी खेळत राहिला. तो एकदाही हरलेला नाही. निदान त्याला तसं अजून कुणी सांगितलेलं नाही.